कुंचीवरचं पिंपळपान

"बायकांना तुझं पान फार आवडतं गं, शेवंता."

हे वाक्य माझ्या आजीने आयुष्यभर जपलं.

ते खोटं होतं.

ते म्हणणाऱ्या मालतीकाकू आज सकाळी गेल्या. नव्वदीच्या होत्या. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांच्याच काकू, आणि आजीची सगळ्यात जवळची मैत्रीण.

संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची गोष्ट. आजी तेव्हा विशीतली. घरी शिवायची, रोज काहीतरी नवीन करून बघायची. आधी दुपटी, मग झबली, मग कुंची, म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं आणि पाठ झाकणारं टोपडं. मोर्चाच्या बातम्या असलेल्या पेपरवरच तिने कुंचीचं माप कापलं. झालर हिंदमाताच्या कटपीसची.

बाळाला पहिलं कापड जुनं, मऊ लागतं. काकू गिरगावातल्या ओळखीच्या घरांतून जुनी लुगडी आणायच्या, आजी शिवायची, काकू नेऊन द्यायच्या.

"तू नको येऊस," काकू म्हणाल्या होत्या. "आडनाव विचारतात गं तिथे."

आजीच्या घरच्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. आडनाव सांगितल्यावर काय होतं, हे आजीला कुणी समजवायची गरज नव्हती.

तिने एवढंच मागितलं, की प्रत्येक कुंचीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं एक पिंपळपान असेल. पाच टाक्यांचं, बोधिवृक्षाची खूण म्हणून. नाव नाही तर नाही, पान तरी जाऊ दे.

काकू हो म्हणाल्या. परत आल्या की सांगायच्या, बायकांना पान आवडतं.

मोर्चाला दोघी हातात हात घालून जायच्या. मुंबई आमची म्हणत.

म्हातारपणी बसमधून गिरगाव लागलं की आजी खिडक्यांकडे बोट दाखवायची. "ह्यातल्या कितीतरी घरांत माझं पान आहे." मी हसायचे. बारा वर्षांपूर्वी ती गेली, तो विश्वास घेऊनच.

आता मीही शिवते. अँटॉप हिलच्या घरी, ऑफिस सांभाळून. बाळांचे सेट करून इन्स्टावर विकते. गेल्या वर्षी एका कस्टमरने कुंची मागितली, म्हणून माप घ्यायला काकूंकडे गेले. त्यांनी ट्रंकेतून आजीच्या हातची एक काढली. द्यायची राहून गेलेली.

कोपऱ्यात पान नव्हतं.

पानाच्या आकारात बारीक भोकं होती. एका भोकात निळा धागा अडकलेला.

"मीच काढायचे," काकू म्हणाल्या. "सगळ्यांची. ट्राममध्ये बसून, सुईने."

मी म्हटलं, काकू, तुमच्यात तर बाळाच्या कपाळावर सोन्याचं पिंपळपान बांधतात. कुणाला काय कळलं असतं? उलट शुभ म्हणून हौसेने घेतल्या असत्या.

त्या बराच वेळ कुंचीची घडी घालत राहिल्या.

"मला कळत होतं ना."

मी चहा न घेता उठले. पुन्हा गेले नाही.

मला पहिला फ्रॉक बेतायला ह्याच काकूंनी शिकवलं. आजीच्या शेवटच्या आजारपणात रोज पेज घेऊन जिना चढणाऱ्याही ह्याच. हे सगळं एकाच बाईचं आहे, आणि मला ते अजून एकत्र धरता येत नाही.

आजच्या दिवशी हे लिहू नये, कळतं. पण काकूंच्या मुलाने, विनूदादाने, चाळीच्या ग्रुपवर त्या कुंचीचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, 'आईच्या हातची शेवटची कुंची. फ्रेम करणार.' सगळ्यांनी हात जोडलेत.

काकू, श्रद्धांजली. भावपूर्णच आहे. कुठला भाव, ते विचारू नका.

विनूदादा, फ्रेम कर. फक्त त्याआधी एका दुपारपुरती ती मला दे. भोकं आहेत तिथेच पाच टाके घालून परत करते.

तू नाही म्हणशील. आईच्या वस्तूला आता कशाला हात लावायचा, म्हणशील.

तरी मागतेय.

निळा दोरा ओवून ठेवलाय.