शालूखालचा विमा

जुनी मोटार घेतली तेव्हा तिच्या विम्याचा कागद मळू नये म्हणून मी तो चिंचवडला घरी, कपाटात बायकोच्या शालूखाली ठेवला. चाकणच्या नाक्यावर हवालदाराने नेमका तोच मागितला.

"कागद न्हाई? लोकांच्या जिवाशी खेळताय व्हय?" असं खडसावत त्याने पावती फाडली. ती माझ्या हातात पडताच त्याचा सूर बदलला. "राजगुरुनगरलाच निघालाय न्हवं?"

मी हो म्हणेपर्यंत झाडाखालून त्याची बायको, सासू आणि तीन पोरं उठून मागे बसलीसुद्धा. स्वतः ऐटीत माझ्या शेजारी. माझं डोकं सणकलं होतं. मी गाडी जोरात काढली. तसा त्याने दरवाजा घट्ट धरला.

"दमानं, साहेब! इम्याचा कागद न्हाई तुमच्याकडं!"