भुरीला मी झकास म्हटलं

तर पहिली आली वहिनी, मागून धापा टाकत माझा भाऊ. आमची लिफ्ट बंद ना! गावाहून दोघं मुलुंडला आली, मला कोण आनंद.

पण दरवर्षीची ओल्या काजूंची पिशवी दिसेना. "विसरलास होय रे?"

"आक्का, काजूच्या बागेचा फोटो पाठवलेला ना? तू लिहिलंस, 'झकास मोहोर!'"

"पांढराशुभ्र होता की!"

"ती भुरी गं, बुरशी! मोहोर करपला, निम्मी बाग गेली. उरलेल्या झाडांवर काय फवारू, कळत नाही."

वहिनी हसली, तो नाही. तेव्हापासून मला मेलीला चैन नाही.

कोणाला औषध माहीत आहे का? लवकर लिहा. गावी जायच्या आधी दोघं रविवारी परत येतो म्हणालीत.