बोटांना कळणारी मिरची

नागपूरला उतरले तेव्हा माझ्या बॅगेत लॅपटॉप, कॅमेरा, घडीचा दिवा आणि रबरी हातमोज्यांचा खोका होता. ठेच्यावर वाढलेल्या साताऱ्याच्या मुलीने मिरचीला भिऊन हातमोजे न्यावेत, याची लाजच वाटत होती. पण जर्मनीत मी शिकते त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा नियमच तसा. फोटो बघून चांगली आणि खराब मिरची वेगळी करणारं यंत्र, हा माझा विषय. पुढच्या संशोधनासाठी मला घ्यायचं की नाही, हे या प्रवासावर ठरणार होतं. मिरची निवडणाऱ्या तीन बायांना तेच फोटो दाखव, उत्तरं जुळली तर जागा तुझी, असं तिथल्या माझ्या सरांनी सांगितलं होतं. माणसांचंच एकमत नसेल तर यंत्राला शिकवणार काय, हा त्यांचा प्रश्न.

स्टेशनजवळ तर्री पोहे (वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले आणि ठेच्याचा अभिमान पहिल्या चार घासांत उतरला. मग कळमन्याच्या बाजारात गेले. तिथे मिरचीच्या पोत्यांमधून शिंकत फिरताना एका आडत्याने मला विचारलं, काय शोधता. सांगितल्यावर तो म्हणाला, "इथं माल निवडूनच येते. निवडणं पाहाचं असन तं भिवापूरले जा."

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. उमरेडजवळ कोळशाच्या खाणीचे काळे ढिगारे लागले, मग शेतं, आणि भिवापुरात शिरताना रस्त्याकडेला अंगणभर लाल पसरलेलं. हा सातरा (मिरची वाळवून देठ खुडायची जागा). छपराखाली पंधरा-वीस बाया समोरासमोर बसून गप्पा मारत होत्या. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या पार्बताबाईंनी मला पोत्यावर बसवलं आणि कोणाची पोर, लग्न झालं का, हे आधी विचारून घेतलं.

मी लॅपटॉप उघडला. पार्बताबाई आणि आणखी दोघींना एकेक करून तेच फोटो दाखवले. एकीने चांगली म्हटलेली मिरची दुसरीने फटकी (रंग उडालेली, बाद) म्हटली. तिसरीने पडद्याच्या मागे वाकून पाहिलं, मिरचीची दुसरी बाजू दिसते का म्हणून. दुपारपर्यंत उत्तरांचा नुसता गोंधळ झाला. माझी जागा गेली, हे मला तिथेच कळलं आणि रडू आलं.

त्यांनी ते पाहिलं असावं. जेवायला बोलावलं, भाकरी आणि आंबाडीची भाजी हातावर ठेवली. जेवून त्या पुन्हा कामाला लागल्या आणि मी हातमोजे चढवून नुसती बघत बसले. तेव्हा लक्षात आलं, हातांकडे कुणीच बघत नव्हतं. डोळे समोरचीच्या तोंडाकडे, आणि हात आपले देठ खुडतायत, एक मिरची इकडे, एक तिकडे. न बघता कसं कळतं, मी विचारलं.

"काढ ते मोजे," पार्बताबाई म्हणाल्या. "मोजे घालून काय समजन वं?"

काढले. त्यांनी दोन मिरच्या हातात दिल्या, दिसायला सारख्या लालभडक. एक दाबल्यावर करकरली, दुसरी नुसती वाकली. ती फोडली तर आत बुरशी. सादळलेली मिरची डोळ्याला फसवते, बोटाला नाही.

मग मी तीस मिरच्यांना चिठ्ठ्या बांधल्या, टोपलीवर ओढणी टाकली आणि त्याच तिघींना एकेक करून ओढणीखाली हात घालून निवडायला लावलं. दोन मिरच्या सोडल्या तर तिघींची उत्तरं तंतोतंत जुळली. मी पार्बताबाईंना मिठीच मारली.

संध्याकाळपर्यंत मीही देठ खुडले. उठताना बोटं पेटली होती. बाया मात्र निवांत होत्या, कारण सकाळी सगळ्यांनी हाताला तेल लावलं होतं. मला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"तेल लावलं असतं तं तुले याद राह्यली असती का?" पार्बताबाई म्हणाल्या.

परतीच्या विमानात पेल्यात बर्फ घेऊन मी बोटं बुडवून बसले होते. फोटोंनी दगा दिला नसता, तर त्या हातांकडे मी कधी बघितलंही नसतं.

सर फोटोंची उत्तरं वाचून मान हलवू लागले, तेव्हा मी त्यांच्यापुढे ओढणीखालची उत्तरं आणि मिरच्यांची पिशवी ठेवली, आणि आमच्या प्रयोगशाळेत कुणी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली: हातमोजे काढा. ते तासभर मिरच्या दाबत, फोडत बसले.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. यंत्राला डोळ्यांऐवजी बोटं द्यायची, सोमवारपासून कामाला लाग. खाली आणखी एक ओळ होती: हात फार जळतोय, यावर तिकडच्या बायका काय करतात?

तेल, मी कळवलं. पण आधी लावायचं असतं.