बोलेल ती खेळतानाच

मैत्रिणींनो, आज डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

मी खर्ड्याजवळच्या वस्तीवर अंगणवाडी चालवते. चार वर्षांची सोनी आईबापांबरोबर ऊसतोडीहून परतली, तेव्हापासून कुणाशी बोलतच नव्हती. आज भातुकली खेळताना तिनं मातीची भाकरी थापून माझ्यापुढे धरली. "बाई, खावा की. लई गरम हाय."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तिचे आजोबा दारात. "नुसता खेळच चाललाय व्हय? पाटी द्या तिच्या हातात!"

"नाही देणार, आबा. पोरगी आज बोलली, ते खेळता खेळताच."

आबा तिला न्यायला निघाले. सोनीनं हात सोडवला. "मी न्हाई येत. भाकरी ऱ्हायलीय."

आबा एकटेच परतले.

उद्याही मी माती भिजवणार. आबांना करायची तर करू दे खुशाल तक्रार! तुम्ही सांगा, चार वर्षांच्या लेकराला आधी काय द्याल?