हॉलिस ऑर्डवेचा बर्फ

आमच्या वेस्ट हार्लो गावच्या हॉलबाहेर एक फळी आहे. महिन्याभरात गावात फुकटात काय काय आहे, ते तिच्यावर खडूनं लिहितात. शनिवारचा नाच, घेवड्याचं जेवण, वाचनालयातली विणकामाची बैठक. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारपुढे वर्षानुवर्षं एकच ओळ असायची: 'बर्फावरचा पाक. सगळ्यांनी या.' दाराशी डबा असे. वाटलं तर काही टाका, नाहीतर हसून आत व्हा.

एप्रिलच का, तर मार्चभर ज्याच्या त्याच्या रानात मेपलच्या झाडांना रस सुटलेला असतो. माणसं तो आटवून पाक करायच्या कढईला अशी चिकटलेली, की बायकोचा वाढदिवसही विसरतात. रस थांबला, कढया घासून झाल्या, की दाढ्या करून सगळे हॉलवर यायचे. पण तोवर रस्त्याकडेच्या बर्फाचा काळा राडा झालेला. आणि पाकाला तर पांढराशुभ्र, दाबून बसवलेला बर्फ लागतो. त्यावर कढत पाक ओतला की तो चिवट तार धरतो. ती काट्याला गुंडाळून डोनटसोबत खायची, मध्येच मुरवलेल्या आंबट काकडीचा चावा घ्यायचा, म्हणजे जीभ पुन्हा गोडाला तयार.

तो बर्फ हॉलिस ऑर्डवे आणायचे. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या रस्त्यांवरचा बर्फ सारायची गाडी चालवली. वर्षभर लोकांच्या दारातला बर्फ बाजूला ढकलायचा, आणि वर्षातून एक दिवस तोच ताटात आणून वाढायचा, असा त्यांचा हिशेब. टेकडीच्या उत्तर अंगाला कुठल्याशा घळीत ते फेब्रुवारीतच बर्फ चोपून, फांद्यांखाली झाकून ठेवत. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं होतं.

"जिथं हाय तिथनं आनतो, पोरी," म्हणाले. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची 'पोरी' होते.

त्यांना कुणी कधी 'आणा' म्हटलं नव्हतं. आमच्याकडे तशी रीतच नाही. जो करतो तो करतो, विचारलं तर उलट अपमान. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी हॉलिस ब्याऐंशीचे झाले होते, जानेवारीत पाय घसरून काठीवर आले होते. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती.

"यंदा म्हाताऱ्याला कशाला त्रास?" मी माझ्या जोडीला काम करणाऱ्या एल्सीला म्हटलं. "दुकानातला बर्फ आणू, किसू."

"त्यांना सांगायला हवं ना, वर्ना?"

"कधी आणा म्हटलं नाही, तर आणू नका कसं म्हणायचं?"

मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. मी मागच्या खिडकीशी पाक ओतत होते, तेवढ्यात हॉलिसची गाडी येऊन समोरच्या झाडाखाली थांबली. मागच्या दाराशी बर्फाच्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग होता, तो त्यांच्या नजरेसमोरच. ते उतरले नाहीत.

"जा की, आत या म्हण," एल्सी म्हणाली.

"येतील. पाय आहेत त्यांना."

हे मी बोलले. काठीवरच्या माणसाबद्दल. एल्सीनं एक ताट भरून त्यांना नेऊन दिलं.

इकडे पाक तार धरेना. किसलेल्या बर्फातून सरळ तळाला जायचा आणि पाणी व्हायचा. नॉर्बर्टनं, ज्याच्या रानातला तो पाक होता त्यानं, वाटी तोंडाला लावली. "वर्ना, सरबत झकास झालंय गं! चमचे कशाला वाटतेस, पेले आण!" सगळा हॉल हसला. मीही हसले.

एल्सी परत आली ती माझ्या कानाशीच. "काकडी बरी झालीय म्हणाले. वर्ना, गाडीत ताडपत्रीखाली टब आहेत. तीन. काठोकाठ भरलेले. आणि त्यांची पँट मांडीपर्यंत ओली आहे."

अकरा पायऱ्या उतरायच्या होत्या. उतरून म्हणायचं होतं, "हॉलिस, तुमचा बर्फ आत आणा, आमचं चुकलं." पण मग टब आत येताना सगळ्यांना कळलं असतं, की आम्ही त्यांना न सांगता वगळलं होतं. मी म्हटलं, एवढी पंगत होऊ दे.

पंगत झाली. मी एप्रनसकट बाहेर गेले, तर गाडी नव्हती. झाडाखालच्या दगडावर ताट ठेवलेलं, पुसून स्वच्छ. संध्याकाळी घरी जाताना सगळ्यांनी पुलापाशी चिखलात तीन पांढरे ढीग पाहिले.

पुढच्या फेब्रुवारीत मी सफरचंद भरून भाजलेला 'ॲपल पाय' घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कॉफी केली, कुत्र्याच्या चार गोष्टी सांगितल्या.

"हॉलिस, यंदा बर्फ आणाल ना?" रीत मोडून मी विचारलं.

"बरफ? मशीनीत मिळतोय की."

"तार धरत नाही हो."

ते हसले. मनापासून हसले, तेच मला लागलं. "गुडघं ऱ्हायलं न्हाईत गं, पोरी. गेल्या साली शेवटचंच म्हणून गेलो होतो."

"मग जागा तरी दाखवा. आम्ही चढू."

"गेल्या साली दावली असती," म्हणाले, आणि 'ॲपल पाय'चा तुकडा कापून माझ्यापुढे सरकवला. "खा."

त्याच वर्षी पानं गळायच्या दिवसांत ते गेले.

आता फळीवर ती ओळ मार्चच्या पहिल्या शनिवारपुढे असते. तेव्हा दारातच हवा तेवढा बर्फ मिळतो. पण रसवाले कढया सोडून येऊ शकत नाहीत. नॉर्बर्ट पाकाचे डबे पाठवून देतो, स्वतः येत नाही. मागच्या खेपेला आम्ही चौदा जण होतो, आणि डोनट उरले.

गेल्या एप्रिलमध्ये काठी घेऊन मी उत्तरेचा उतार चढले. घळी तीन सापडल्या. तिन्हींत कुजकी पानं होती, आणि वाहतं पाणी.