गॅलरी मी झाडते

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आम्ही वाशीला राहत होतो आणि मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. माल परत आला की तो आमच्याकडे बिघडला की गिऱ्हाइकाकडे, हे दोन्हीकडे पाहिल्याशिवाय मी सही करत नसे. घरात मात्र सात वर्षं एकच बाजू तपासली. बायकोच्या तपासण्या, बायकोला सुया, बायकोचं एक छोटं ऑपरेशन. आई गावाहून येताना दर खेपेला काढ्याची बाटली आणायची आणि तिच्यासमोर ठेवायची.

"घे गो. तुझ्यानं नाय झालं, काढ्यानं तरी होईल."

बायको नाक दाबून प्यायची. मी तिथेच बसलेला असायचो.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझी तपासणी मागितली. ती मी चार महिने टाळली. रिपोर्ट आला, बीज कमी आणि त्यातलंही बरंचसं मंद.

"सिगरेट किती?"

"दहा-बारा."

"बावीस," बायको म्हणाली. "रविवारी जास्त. गॅलरी मी झाडते, डॉक्टर."

दारूचं मग मीच खरं सांगितलं.

दोन्ही बंद करा, त्या म्हणाल्या. नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, त्यानंतर या. खात्री मात्र देत नाही.

दारू सुटली. सिगरेट दोनदा सुटली आणि दोनदा परत लागली. दर वेळी ते तीन महिने पहिल्यापासून. तिसऱ्यांदा सुटली ती कायमची. आकडा वाढला, पण पुरेसा नाही. तोवर बायको छत्तिशीला आली होती. मूल झालं नाही. सिगरेटमुळेच, असं डॉक्टरीणबाई कधी म्हणाल्या नाहीत, मीही शपथेवर सांगू शकत नाही. उशीर मी केला, एवढं नक्की.

आई अजून बाटल्या आणतच होती. एका खेपेला मी सांगितलं, "दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नाही."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत," बायको आतून म्हणाली. "मी दहा वर्षं ऐकलं. तुमी एक दिवस ऐका."

पुढच्या खेपेला आईच्या पिशवीत बाटली होतीच. तिने ती माझ्यासमोर ठेवली. मी पेला भरला. अर्धा कसाबसा गिळला आणि उरलेला मोरीत ओतायला उठलो.

"संपवा," बायको म्हणाली.