निरोगी माणसाची नळी

माझी थोरली बहीण शास्त्रज्ञ आहे, हे आई चारचौघांत अभिमानाने सांगायची. पंचाईत व्हायची पुढच्या प्रश्नाला. "कशावर संशोधन करते?" असं कुणी विचारलं की "पोटाचं काहीतरी," म्हणून आई विषय बदलायची. ताईला असली लाज नव्हती. लोकांच्या शौचाचे नमुने गोळा करायचे, त्यातल्या जंतूंची जनुकं यंत्रावर वाचायची आणि कुठल्या आजारात कुठला जंतू वाढतो ते शोधायचं, हे ती जेवायला आलेल्या पाहुण्यांना अगदी हातात घास असताना सांगायची. तिने लग्न केलं नाही. आमच्याकडेच वरच्या खोलीत राहायची, आणि माझ्यापेक्षा माझ्या बायकोशी तिचं जास्त जमायचं.

तिच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. रुग्णांच्या नमुन्यांच्या नळ्यांबरोबर दर वेळी एका निरोगी माणसाची नळीही यंत्रात घालायची आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या. तो निरोगी माणूस म्हणजे पहिल्यापासून ताई. दर थोड्या महिन्यांनी स्वतःचा ताजा नमुना द्यायची. याचा तिला केवढा तोरा! "सगळ्यांची पोटं माझ्या पोटाशी ताडतात," असं म्हणून ती माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघायची.

गेल्या वर्षी त्या नळीत एक जंतू दिसायला लागला. मूळचा तो तोंडातला, हिरड्यांत राहणारा. पण आतड्याचा कॅन्सर झालेल्यांच्या पोटात तो बऱ्याचदा वाढलेला सापडतो, आणि ताईची निम्मी हयात त्याच्याच मागे गेली होती. आकडेमोड बघणाऱ्या तिच्या सहकारी बाईंनी तो पहिल्यांदा पाहिला.

"मॅडम, तुमच्या नळीतही तो आलाय."

"रुग्णाच्या नळीतलं उडालं असेल. हातमोजे बदलले होते का?"

हातमोजे बदलले, नळ्या बदलल्या, रसायनांच्या बाटल्या बदलल्या, शेवटी नळ्या भरणारा माणूसही बदलला. जंतू हटेना. ताई दर वेळी स्वतःचे आकडे खराब म्हणून बाद करायची आणि घरी येऊन सगळ्यांच्या निष्काळजीपणावर तोंडसुख घ्यायची. तेव्हा ती वाळत चालली होती. जिना चढताना मध्येच थांबायची. धावपळ फार होतेय, असं ती म्हणायची आणि आम्ही मान डोलवायचो. आम्ही सगळेच आंधळे, आणि माझं दुकान चष्म्यांचं.

एक दिवस तिने माझ्यासमोर एक झाकणाचा डबा ठेवला.

"उद्या सकाळचं हवंय. माझी नळी सारखी नासतेय, तुझी घालून बघते."

बायको हसून हसून बेजार झाली. मी आयुष्यात विज्ञानाला दिलेली ही पहिली देणगी. पुढच्या आठवड्यात भर दुपारी ताई दुकानात आली आणि नंबर तपासायच्या खुर्चीत बसली. ती अशी कधी येत नसे.

"काय, पास झालो का?" मी विचारलं.

"झालास. त्याच नळ्या, तीच रसायनं, तेच हात. तुझ्यात तो जंतू नाही."

"मग चांगलंच झालं की."

"अरे, म्हणजे नळ्या खराब नव्हत्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी हातातली फ्रेम ठेवून दुकानाचं शटर ओढलं. ती समोरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत बसली होती.

जंतू दिसला म्हणजे कॅन्सर असतोच असं नाही, हे तिनेच मला इस्पितळाच्या वाटेत समजावलं. पण तपासणीत गाठ निघाली, आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, काही महिने आधी आला असतात तर चित्र वेगळं असतं. माझं डोकंच फिरलं. आजारी बहिणीवर कुणी ओरडतं का? मी ओरडलो.

"सगळं आयुष्य त्या जंतूमागे घालवलंस. तुला कळायला नको होतं?"

"दुसऱ्या कुणाची नळी असती ना, तर त्याच दिवशी त्याला फोन केला असता," ती म्हणाली. "पण मी निरोगी होते ना."

 

बाद केलेले आपले सगळे आकडे तिने पुन्हा हिशोबात घ्यायला लावले आणि स्वतःची नळी रुग्णांच्या रांगेत ठेवायला सांगितली. निरोगी माणसाच्या जागी माझी लावून घेतली. त्यानंतरचा उन्हाळा तिने पाहिला नाही.

परवा त्या सहकारी बाई नवा डबा घेऊन दुकानात आल्या.  मी विचारलं, "ताईची नळी अजून आहे?"

"आहे. दर वेळी तुमच्या शेजारीच लावतो."

मी डबा घेतला. त्या निघाल्या तेव्हा मी काउंटरमागून बाहेर येऊन त्यांना दारात गाठलं.

"माझ्यात काही वेगळं दिसलं, तर नळ्या बदलत बसू नका," मी म्हणालो. "आधी मला फोन करा."